पहिल्या शब्दाआधीची बडबड : तान्ह्या बाळाचे आवाज आणि ऑटिझम

शब्दवेल

"बाळ दहा महिन्यांचं झालं, अजून बाबा-मामा करत नाही, ऑटिझम तर नसेल?" असा प्रश्न मागे इथेच एका धाग्यावर आला होता. खाली प्रतिसादांचा पाऊस पडला. निम्म्यांनी "आमचा बंड्या तीन वर्षांचा होईपर्यंत तोंड उघडत नव्हता, आता गप्प बसवावं लागतं" म्हणून धीर दिला. उरलेल्यांनी "मोबाईल दाखवता म्हणून" आईला झापलं. बाळाला ऐकू येतं का, हे मात्र कुणीच विचारलं नाही. तिथे लिहायला घेतलं आणि लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

मी स्पीच थेरपिस्ट आहे, नाशिकला काम करते. इथे कुणाच्याही बाळाचं निदान करणार नाही, आणि प्रतिसाद वाचून तुम्हीही करू नका.

आपल्याकडे बोलण्याचा हिशेब पहिल्या शब्दापासून सुरू होतो. त्याआधी वर्षभर बाळ तोंडाने जे काही करतं ते सगळं "खेळतंय" या सदरात जातं. पण कान द्यायचा तो याच वर्षात.

तान्ह्या बाळाच्या आवाजात रडणं-हसणं एकीकडे ठेवा. जे उरतं त्याला मेम्फिस विद्यापीठातले किम्ब्रो ऑलर 'प्रोटोफोन' म्हणतात. त्यांच्या गटाने दिवसदिवसभराची रेकॉर्डिंग तपासली, तेव्हा पहिल्या वर्षातलं बाळ दिवसाला साडेतीन हजारांच्या आसपास असे आवाज काढतं असं दिसलं. रडण्यापेक्षा कितीतरी जास्त. दिवस पूर्ण न भरलेल्या, अजून एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असलेल्या बाळांमध्येही हे आवाज सापडले आहेत. आणि गंमत म्हणजे यातले बहुतेक आवाज कुणाला उद्देशून नसतात. पंख्याकडे बघत, स्वतःची मूठ चोखत, बाळाचं आपलं आपण चालू असतं. आपण बोलतो म्हणून बाळ आवाज काढतं, हे अर्धंच खरं. ती ओढ त्याची स्वतःचीच असते. गवयाच्या रियाझासारखं, समोर श्रोता असलाच पाहिजे असं नाही.

पहिले दोन महिने आखूड, दबके, स्वरासारखे आवाज. मग घशातलं "अगूऽ", "ग्ंऊऽ", ज्याला आपण बाळ हुंकार द्यायला लागलं म्हणतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून सातव्या-आठव्यापर्यंत नुसती धमाल असते : चित्कार, गुरगुर, ओठांनी फुर्र, मध्येच मोठ्याने ओरडणं. आज दिवसभर किंकाळ्या, तर उद्या दिवसभर गुरगुर. पालक घाबरून विचारतात, घसा बसलाय का? नाही. एकाच आवाजाचा असा सपाटा लावणं निरोगी बाळांमध्ये सर्रास दिसतं.

मग पाचव्या ते दहाव्या महिन्यात केव्हातरी येतं ते "बाबाबा", "दादादा", "नानाना". संशोधक याला कॅनॉनिकल बॅबलिंग म्हणतात, आपण नुसतं बॅबलिंग म्हणू. "अगूऽ" आणि "बा" यांत मुख्य फरक वेगाचा आहे. "बा" म्हणताना मिटलेले ओठ उघडून स्वरापर्यंत पोचायला सेकंदाच्या आठव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. "अगूऽ" मात्र रेंगाळत जातं. ओठ, जीभ, जबडा, श्वास आणि कंठ यांचा मेळ बसला की बाळाच्या तोंडी खरीखुरी अक्षरं येतात. अभ्यासात १०० अक्षरांतली किमान १५ अशी असली की टप्पा गाठला असं धरतात. घरी मोजत बसायचं कारण नाही. "हल्ली कसे आवाज काढतं ते काढून दाखवा" म्हटलं की पालक बरोबर दाखवतात. हे संशोधनातही दिसलंय आणि माझ्याकडे रोज दिसतं. आजी बरोबर आली असेल तर विचारायलाच नको, ती हातवाऱ्यांसकट करून दाखवते.

(आधी 'बाबा' म्हटलं की 'मामा' यावरून दोन घरांत रुसवेफुगवे होतात. माफ करा, पण त्या वयात ते कुणालाच हाक मारत नसतं.)

दहा महिने उलटले तरी अशी अक्षरं ऐकू येत नसतील, तर घाबरू नका, पण "बोलेल गं" म्हणून सोडूनही देऊ नका. पहिली शंका कानाची घ्यायची. जन्मतः ऐकू न येणारी बाळंही हुंकारतात, किंचाळतात, गुरगुरतात, आणि पुष्कळ करतात. त्यामुळे "एवढे आवाज काढतंय म्हणजे ऐकू येत असणार" हा तर्क साफ चुकीचा. त्यांची गाडी अडते बॅबलिंगपाशी. ते अकराव्या महिन्यानंतर, कधी फारच उशिरा येतं.

आता ऑटिझम. २०१४ साली घरगुती व्हिडिओंवरून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे ऑटिझमचं निदान झालेली २३ मुलं आणि इतर १४ मुलं. त्यांच्या ९ ते १२ आणि १५ ते १८ महिने या वयातल्या चित्रफिती घेतल्या आणि कुणाचं निदान काय हे न सांगता ऐकणाऱ्यांकडून आवाज मोजून घेतले. ऑटिझमच्या गटात बॅबलिंगला पोचलेली बाळं कमी होती आणि एकूण आवाजही कमी होते. त्याआधी, २०१० साली, कॅलिफोर्नियातल्या सॅली ओझोनॉफ यांच्या गटाने बाळांना सहाव्या महिन्यापासून पुढे वेळोवेळी बोलावून पाहिलं होतं. पुढे ऑटिझम निघालेली आणि न निघालेली बाळं सहा महिन्यांना जवळपास सारखीच होती. त्यानंतर ऑटिझम निघालेल्या गटात माणसाकडे बघून आवाज काढणं, चेहऱ्याकडे बघणं, बघून हसणं हळूहळू ओसरत गेलं, आणि वर्षापर्यंत फरक दिसू लागला. हे इतकं सावकाश होतं की बऱ्याच घरांत कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून माझ्याकडे कुणी आलं की मी दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारते. आवाज कसे आहेत, आणि ते कुणाकडे बघून येतात. काही मुलांचं बॅबलिंग उत्तम असतं, फक्त ते भिंतीशी चालू असतं. काहींचं उशिरा येतं, पण त्या "अगूऽ"वर आईशी अर्धा तास गप्पा होतात. ही दोन मुलं वेगळी आहेत.

---

आजीचा_बटवा

छान माहिती गं शब्दवेल. आमच्याकडे बाळ फुर्र करायला लागलं की पाऊस येणार म्हणायचे. माझी मुलगी मे महिन्यात इतकं फुर्र करायची की शेजारचे काका खरंच आभाळाकडे बघायचे.

एक विचारायचं होतं. जीभ हलकी व्हावी म्हणून वेखंड लावायचे, पोपटाचा उष्टा पेरू द्यायचे. त्याचं काय?

---

शब्दवेल

आजी, पाऊस आला की नाही तेही सांगा ना. :)

वेखंडाने किंवा उष्ट्या पेरूने बोलणं लवकर येतं याला काही आधार नाही. पेरू मोठ्या मुलाला धुऊन द्या, पोपटाला त्याचा वेगळा द्या. तान्ह्याच्या जिभेला मात्र काही घासू नका.

---

मीनल_कुडाळ

माझी लेक आठ महिन्यांची. गेले काही दिवस नुसती गुरगुरते, अगदी वाघासारखी. सासूबाईंनी दृष्ट काढून झाली. मध्येच "दादादा" पण करते. एका इंग्रजी संकेतस्थळावर वाचलं की ऑटिझम असलेल्या मुलांच्या आवाजात किंचाळणं-गुरगुरणं जास्त असतं, तेव्हापासून झोप उडाली आहे.

---

शब्दवेल

@मीनल, तुम्ही वाचलं ते एका अर्थी खरं आहे. अजून शब्द न आलेल्या ऑटिस्टिक मुलांच्या आवाजाचा पोत वेगळा असतो, त्यात किंचाळणं-गुरगुरणं जास्त असतं, असं २००० सालच्या एका अभ्यासात आलं होतं. पण ती मुलं तुमच्या लेकीहून बरीच मोठी होती. शिवाय त्याच अभ्यासात त्यांची अक्षरं ठीकठाक निघाली होती. म्हणजे २०१४ च्या बरोबर उलट. या विषयात असे निकाल एकमेकांना छेद देतात, कारण वयं वेगळी, मोजण्याच्या पद्धती वेगळ्या.

आठव्या महिन्यात गुरगुरणं आणि मध्येच "दादादा" हे अगदी त्या वयाला शोभणारं आहे. ती गुरगुरली की तुम्हीही गुरगुरून बघा. थांबून तुमच्याकडे बघते का, परत करते का? फक्त खेळ म्हणून करा, परीक्षा म्हणून नको.

नवजात असताना कानाची तपासणी झाली होती का? फाईल बघून ठेवा.

---

मीनल_कुडाळ

आत्ता करून बघितलं. आधी दचकली, मग खदखदून हसली आणि दुप्पट जोराने गुरगुरली. सासूबाई म्हणाल्या, आता दोघींची दृष्ट काढते.

फाईलमध्ये ओएई "पास" लिहिलंय, दोन्ही कान.

---

गणिती_गण्या

वाचतोय. याच संदर्भात २०१० चा एक गाजलेला अभ्यास आहे, त्यात ऑलरसाहेबही होते. मुलांच्या कपड्याच्या खिशात लेना नावाचा छोटा रेकॉर्डर ठेवायचा आणि दिवसभराचं रेकॉर्डिंग संगणकाने तपासायचं. २३२ मुलं, १,४८६ दिवसांची रेकॉर्डिंग, ३१ लाखांहून जास्त उच्चार. कुठलं मूल ऑटिझम असलेलं आणि कुठलं सर्वसाधारण वाढीचं, हे संगणकाने आवाजावरून ८६ टक्के अचूक ओळखलं.

८६ टक्के वाचलं की लोक म्हणतात, मग ॲप काढा आणि प्रत्येक बाळाला लावा. तर जरा आकडेमोड करू. समजा १०,००० बाळं घेतली आणि शंभरात एकाला ऑटिझम आहे असं धरलं. म्हणजे १०० बाळं. त्यातली ८६ यंत्र पकडेल, १४ सुटतील. उरलेल्या ९,९०० मधल्या १४ टक्क्यांवरही ते चुकून बोट ठेवेल, म्हणजे १,३८६ बाळं. एकूण बोट दाखवलेली १,४७२, त्यात खरी ८६. दर सतरा घरांपैकी सोळा घरांची झोप फुकट उडणार.

शिवाय ती मुलं १० ते ४८ महिन्यांची होती आणि त्यांची निदानं आधीच झालेली होती. सहा महिन्यांच्या बाळाचं भविष्य सांगणं हे वेगळंच काम आहे.

---

शब्दवेल

गण्या, हे मला इतकं नेटकं मांडता आलं नसतं. मोबाईलवर रडण्याचा आवाज चढवा, आम्ही ऑटिझम सांगतो, अशी जाहिरात दिसली तर हा हिशेब आठवा. रडण्याच्या पट्टीवर संशोधन झालंय हे खरं, काही अभ्यासांत ती सरासरीने उंच निघाली आहे. पण गटाच्या सरासरीवरून तुमच्या मांडीवरच्या बाळाबद्दल बोलता येत नाही.

---

सह्यकडा

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे. लेखातलं "भिंतीशी चालू असतं" वाचून जुने व्हिडिओ काढून बसलो.

अकराव्या महिन्यातला एक आहे. पाठीवर पडून पडद्याच्या झालरीकडे बघत "ईईई" आणि मध्ये "दिगीदिगी". भरपूर आवाज. मागून माझी आई नावाने हाका मारतेय, एकदाही वळत नाही. तेव्हा आम्हाला ते तल्लीन होणं वाटलं, आणि तसं ते होतंच म्हणा. पहिलंच मूल, तुलना करायला दुसरं कोणी नाही. दीड वर्षाला "पाणी", "गाई" वगैरे चार-पाच शब्द आले आणि दोनच महिन्यांत गेले. डॉक्टर म्हणाले, मुलगे उशिरा बोलतात, थांबा. थांबलो. निदान साडेतीन वर्षांना झालं.

आता बोलतो. सुरुवातीला जाहिरातींची वाक्यंच्या वाक्यं जशीच्या तशी बोलायचा. भूक लागली की बिस्किटाची जाहिरात. थेरपिस्ट ताईंनी सांगितलं, हे निरर्थक नाही, त्याचा अर्थ शोधा. शोधला आणि सापडलाही.

एक सांगतो, कुणाला लागलं तर लागू दे. "तुम्ही घरात बोलत नसाल म्हणून" हे वाक्य आम्ही नातेवाइकांकडून, शाळेतून, लिफ्टमध्ये भेटलेल्या लोकांकडून ऐकलंय. माझी बायको आकाशवाणी आहे. सकाळच्या चहापासून तिचं प्रसारण सुरू होतं.

दुसरी मुलगी झाली तेव्हा भावंडाला ऑटिझम असण्याची शक्यता साधारण पाचात एक असते हे कळलं होतं. रात्री पाळण्यापाशी कान लावून बसायचो. तिने सातव्या महिन्यात आमच्याकडे बघून "बाबाबा" केलं. ती ऑटिस्टिक नाही.

---

शब्दवेल

सह्यकडा, लिहिलंत हे फार बरं केलंत.

आईला दोष देण्याची खोड जुनीच आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचं वर्णन करून ऑटिझम मांडला, त्यानंतर कित्येक वर्षं आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं हे तज्ज्ञसुद्धा मानत होते. ते केव्हाच निकालात निघालंय. आता थंड आईच्या जागी मोबाईलवाली आई आणून बसवली आहे, एवढाच बदल.

---

फटकळ_फणस

मोबाईलवाल्या आईला इतकं पण पाठीशी घालू नका. सहा महिन्यांच्या पोरासमोर यूट्यूब लावून जेवण भरवतात, मग पोर बोलणार कसं? हल्ली प्रत्येक पोराला काहीतरी लेबल लागतं. आमच्या वेळी कुठे होता ऑटिझम?

---

शब्दवेल

फणसराव, तुमच्या वेळीही होता. गावात एखादा "वेडसर", एखादा "खुळा", एखादा "कुणाशी न बोलणारा" असायचा ना, त्यातले काही जण आज तपासले तर ऑटिझममध्येच बसतील.

पडद्याबद्दल मात्र निम्मं पटतं. २००९ साली दिमित्री ख्रिस्ताकिस यांच्या गटाने तसेच दिवसभराचे रेकॉर्डर लावून पाहिलं. टीव्हीचा आवाज चालू असलेल्या दर तासामागे मुलाच्या कानावर पडणारे मोठ्यांचे शब्द ७७० नी कमी होत होते, आणि मुलाचे स्वतःचे आवाजही घटत होते. पडदा चालू असला की घरातले बोलायचे थांबतात. तेव्हा पडदा कमी करा हे मीही प्रत्येकाला सांगते. पण त्याने ऑटिझम होतो असं म्हणायला आधार नाही. आणि "मोबाईल बंद केला की बरं होईल" म्हणत घरचे सहा महिने घालवतात, ते महिने मुलाचे जातात.

---

केतकी_बन

मी ऑटिस्टिक आहे, निदान तिशीत झालं. आई सांगते की मी वर्षाच्या आत स्पष्ट बोलत होते, दोन वर्षांची असताना पाढे म्हणत होते. म्हणजे तुमच्या कुठल्याच चाळणीत मी अडकले नसते.

लेख चांगला आहे, पण एक खटकलं. "भिंतीशी चालू असतं". आधी तुम्हीच लिहिलंत की सगळ्याच बाळांचे बहुतेक आवाज कुणासाठी नसतात, तो रियाझ असतो. मग तेच ऑटिस्टिक बाळाने केलं की भिंत कशी आली मध्ये? मी आजही एकटी असताना आवाज काढते. मला ते आवडतं, त्याने डोकं शांत होतं. सह्यकडा यांच्या मुलाला झालरीची मजा वाटत होती, हे त्यांनीच लिहिलंय.

---

शब्दवेल

केतकी, मुद्दा बिनतोड आहे. एकटं आवाज काढणं हे लक्षण नाहीच, ते सगळीच बाळं करतात आणि करायला हवं. मी बघते ते असं की त्याच्या जोडीला देवाणघेवाणही होते का. ती कमी असेल तर त्या मुलाला आपल्यापर्यंत पोचायचा आणखी एखादा रस्ता द्यायचा : खुणा, चित्रकार्डं, बोलकं टॅबलेट. त्याची बडबड थांबवायची नाही. चित्रकार्डं दिली की मूल आळशी होतं आणि बोलत नाही ही भीती बहुतेक पालकांना असते. अभ्यास तसं दाखवत नाहीत, उलट काही मुलांचं बोलणं वाढलेलं दिसतं.

तुमच्यासारख्या मुली या चाळणीतून सुटतात हेही खरं. लवकर आणि शुद्ध बोलणाऱ्या मुलीकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही.

---

केतकी_बन

धन्यवाद. "भिंत" बदला मग लेखात. :)

---

शब्दवेल

संपादनाची मुदत संपली ना! प्रशासकांना कळवते.

---

पीचट्री

अटलांटाहून लिहितेय. इथे जॉर्जिया राज्यात तीन वर्षांखालच्या मुलांसाठी 'बेबीज कान्ट वेट' नावाची सरकारी योजना आहे. निदानाचा कागद लागत नाही, डॉक्टरची चिठ्ठीसुद्धा नाही. पालक स्वतः फोन करून मुलाला तपासायला सांगू शकतात. माझा मुलगा तेरा महिन्यांचा असताना मी केला होता.

माझा प्रश्न भाषेचा. आम्ही घरी मराठी बोलतो, सांभाळणाऱ्या बाई स्पॅनिश, बाहेर इंग्रजी. एका क्लिनिकमध्ये सांगितलं, गोंधळ होतोय, मराठी बंद करा. नवरा तयार झाला, मी नाही. त्यावरून घरात धुसफूस चालू आहे.

---

शब्दवेल

@पीचट्री, मराठी बंद करू नका. दोन-तीन भाषांमुळे ऑटिझम होत नाही, आणि ऑटिस्टिक मुलांनाही दोन भाषांमुळे तोटा होतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. अडखळत बोललेल्या इंग्रजीपेक्षा तुमची ओघवती मराठी त्याच्या जास्त कामाची. आजीशी व्हिडिओ कॉलवर तो कुठल्या भाषेत हसणार आहे, हे नवऱ्याला विचारा.

---

डॉक्टर_डोंबिवली

बालरोगतज्ज्ञ. "थांबा, बोलेल" म्हणणारे आमच्यातलेच असतात, नाकारत नाही. ओपीडीत बाळ पाच मिनिटं दिसतं, आणि त्यातली चार ते इंजेक्शनच्या भीतीने रडत असतं. तेव्हा बॅबलिंग मला ऐकू येणारच नाही. आईवडिलांनी घरचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ आणला तर फार उपयोग होतो. जेवताना, खेळताना, आणि एखादा बाळाच्या नकळत.

कानाबद्दल एक भर. ओएई ही चाळणी आहे. ती कानाच्या आतल्या शंखापर्यंतच बघते, पुढच्या नसेचं सांगत नाही. बाळ एनआयसीयूत होतं, कावीळ फार वाढली होती, रक्त बदलावं लागलं होतं, अशा वेळी ओएई पास असली तरी बेरा (कानापासून मेंदूपर्यंतच्या नसेची तपासणी) करून घ्या. महिन्याच्या आत चाळणी, तीन महिन्यांपर्यंत निदान, सहा महिन्यांपर्यंत उपाय सुरू, असं वेळापत्रक जगभर मानतात. शिवाय जन्माच्या वेळी पास झालेला कानही पुढे मेंदूज्वराने किंवा पडद्यामागे पाणी साचून मंद होऊ शकतो. मीनलताई, तुमचं ठीक दिसतंय, पण शंका आली तर "पास"च्या कागदावर विसंबू नका.

---

रानजाई

गावाकडच्यांनी काय करायचं? आमच्या तालुक्यात स्पीच थेरपिस्ट नाही. माझ्या भाच्याला वर्ष झालंय, "अगूऽ"च्या पुढे गेलेला नाही. बघतो छान, हसतो, हात वर करून उचलून घ्यायला लावतो.

---

डॉक्टर_डोंबिवली

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्यांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. ऐकू न येणं, भाषा उशिरा येणं, ऑटिझम हे सगळं त्यांच्या यादीत आहे. तिथून जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीकडे (लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्राकडे) पाठवतात, मोफत असतं. पथकाची वाट बघत बसू नका. अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईला सांगून थेट जिल्ह्याला जा आणि बेरा मागा. मुंबई जवळ पडत असेल तर वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, वाचा आणि श्रवण हेच त्यांचं काम.

---

शब्दवेल

@रानजाई, तुम्ही वर्णन केलंत तसं बाळ, म्हणजे बघतं, हसतं, हात पुढे करतं पण अक्षरं नाहीत, असं ऐकलं की माझं लक्ष आधी कानाकडेच जातं. नसेलही काही. पण बेरा याच महिन्यात करा, पुढच्या नाही.

तोवर घरी एक करता येईल. कॉर्नेल विद्यापीठातल्या मायकेल गोल्डस्टीन यांनी २००३ साली आठ महिन्यांच्या बाळांवर एक सुंदर प्रयोग केला. एका गटातल्या आयांनी बाळाने आवाज काढला की लगेच हसायचं, जवळ जायचं, हात लावायचा. दुसऱ्या गटातल्या आयांनीही तेवढंच हसायचं, तेवढंच जवळ घ्यायचं, पण बाळाच्या आवाजाशी वेळ न जुळवता. पहिल्या गटातल्या बाळांचे आवाज तिथल्या तिथे जास्त स्पष्ट, जास्त अक्षरांसारखे झाले. प्रेम दोन्हीकडे सारखंच होतं, फरक नेमक्या वेळेचा होता. त्यामुळे दिवसभर बाळाच्या कानाशी बोलत राहायची गरज नाही. ते काहीतरी म्हणालं की थांबा, बघा, आणि उत्तर द्या. मग पुन्हा थांबा. आपल्या लोकांना थांबायचंच जमत नाही, बाळाच्या तोंडून "अ" निघायच्या आत चार जण "बोल बोल बोल" करतात.

ऐकू येत नसेल तर नुसतं हे पुरणार नाही, म्हणून बेरा आधी.

---

सह्यकडा

+१. आणि ऑटिझम निघाला तरी हेच करा. आमच्याकडे उत्तर यायला इतका वेळ लागायचा की समोरचा माणूस निघून जायचा. मनात दहा अंक मोजायला शिकलो.

---

आजीचा_बटवा

शेवटचं विचारते. जिभेखालची तार कापली की मूल बोलतं म्हणतात. आमच्या शेजारी चौदा महिन्यांच्या नातवाला उद्याच नेतायत.

---

शब्दवेल

आजी, तार आखूड असली तर अंगावर पिताना त्रास होऊ शकतो, पुढे एखाददुसरा उच्चार बोबडा राहू शकतो. पण शब्दच न येणं तारेमुळे होत नाही. "बाबा", "मामा" म्हणायला तर ओठ लागतात, जीभ उचलावीच लागत नाही. ते बाळ बॅबलिंग करतं का, हाकेला वळतं का, बोटाने दाखवतं का, एवढं शेजारणीला विचारून सांगा. उद्या जातच आहेत, तर त्याच फेरीत कान तपासून घ्यायला सांगा.

---

आजीचा_बटवा

विचारून आले. बोटाने दाखवतो, "बाबाबा" भरपूर करतो, माझ्या पिशवीत हात घालून खाऊ मागितला. शब्द नाही अजून. उद्याचं तार कापणं रद्द करायला तयार नाहीत, पण कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे सोमवारची.

---

शब्दवेल

चालेल. सोमवारी काय झालं ते इथेच लिहा.